आश्रय मिळाला, जाब राहिला

आपल्या या व्याख्यानमालेत संस्थांचा इतिहास पुष्कळ सांगून झाला आहे. १९०७ साली केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकवर्धिनी कशी उभी केली, निजामी अमलात मराठी शाळा चालवणे म्हणजे काय होते, ग्रंथालये, गणेशोत्सव, नाट्यमंडळ्या हे सगळे आपण ऐकले आहे आणि अभिमानाने ऐकले आहे. जामबागेतल्या जुन्या मराठी घराण्यांना आपल्या पणजोबांची नोकरी कोणत्या खात्यात होती हे तोंडपाठ असते. घराच्या आत काय चालत होते, याला मात्र आपण इतिहास मानलेले नाही. या लेखात मी माजघराचा, आणि त्यातल्याही नकोशा भागाचा इतिहास सांगणार आहे. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला आपल्या समाजाने कधी, कुठे आणि कोणत्या शब्दांत विचारले, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला आहे.

सुरुवात घरापासून करते. आमच्या गल्लीत एक काकू राहत. नाव सांगत नाही, सांगायचे कारणही नाही. माझ्या लहानपणी रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास आमच्या मागच्या दाराची कडी हळूच वाजे. आई दिवा न लावता दार उघडी. काकू आत येत, चुलीजवळच्या पाटावर बसत. आई हळद-तेल गरम करी. कुणी फार बोलत नसे. आम्हा मुलांना ‘झोपा’ म्हणून दटावले जाई आणि आम्ही डोळे मिटून सगळे ऐकत असू. सकाळी अण्णा आणि गल्लीतली आणखी दोन वडीलधारी माणसे ओसरीवर बसत. मग काका येत, अंघोळ करून, कोट-टोपी घालून, अगदी नीटनेटके. त्यांना चहा दिला जाई. कचेरीतल्या बदल्या, महागाई, यंदाचा आंबा, अशा गोष्टी होत. शेवटी अण्णा माजघराकडे पाहून म्हणत, ‘चला, झालं गेलं.’ काकू पदर सावरून काकांच्या मागे दोन पावलांवर चालू लागत. आई म्हणे, समजूत काढली.

समजूत काकूंची काढली होती, काकांची नव्हे. त्यांना काढण्याजोगी काही समजूत आहे असे ओसरीवरच्या कुणाला वाटतच नव्हते. आमच्या घराने काकूंना आश्रय दिला, वर्षानुवर्षे दिला, त्यात काही कमी केले नाही. पण काकांना कुणी जाब विचारला नाही. आश्रय आणि जाब या दोन शब्दांच्या आधारानेच पुढचे सगळे सांगते, कारण मराठी मुलुखाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातही हाच क्रम दिसतो. आश्रय आधी आला. जाब फार उशिरा आला, आणि तो आला तेव्हा आपल्यासारख्या घरांतून आला नाही.

एकोणिसाव्या शतकातले सगळे मोठे आश्रय आठवून पाहा. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. या कामांचे मोल कमी करायचे नाही. पण त्यांची दारे प्रथम उघडली ती विधवांसाठी. नवरा जिवंत आहे, घर आहे, कुंकू आहे आणि पाठीवर वळ आहेत, अशा बाईसाठी त्या काळात वेगळे दार नव्हते, कारण ती निराधार आहे हेच कुणाला मान्य नव्हते. सवाष्ण बाई निराधार कशी असेल? आमच्या काकू हळदीकुंकवाला पहिल्या मानाने बोलावल्या जात.

जाबाचा पहिला स्वर मला ऐकू येतो तो १८८२ सालचा, बुलढाण्याहून. त्या साली ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटे पुस्तक पुण्यात छापले गेले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचे. नवजात मूल मारल्याबद्दल तिला १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्याची झाली, आणि वर्तमानपत्रांत बायकांच्या बिघडलेल्या नीतीवर लेखांचा पाऊस पडला. ताराबाईंनी उलट हिशेब मांडला. जे दोष बायकांचे म्हणून सांगता ते एकेक घेऊन पुरुषांत पाहू या, असा त्यांचा पवित्रा होता. त्यांनी बायकांसाठी दया मागितली नाही, पुरुषांकडे उत्तर मागितले. त्यानंतर त्यांनी पुस्तक लिहिल्याचे दिसत नाही, आणि ते एकही जवळजवळ शंभर वर्षे विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले. हैदराबादकर म्हणून मला यातली एक गोष्ट फार जवळची वाटते. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, तरी कागदोपत्री तो मुलूख निजामाचाच होता. म्हणजे हा पहिला जाब विचारणारी बाई नावापुरती का होईना, आपल्याच संस्थानातली.

त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठी झाल्यावर नवऱ्याच्या घरी जायचे नाकारले. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ साली वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून दावा केला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, अपिलात तो निर्णय फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या कैदेला तयार झाल्या. ‘केसरी’ने त्यांच्या विरुद्ध लिहिले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या.

या खटल्यात मारहाणीचा प्रश्न नव्हता, पण आपल्या विषयाची चौकट त्यात अगदी स्वच्छ दिसते. कायद्यापुढे उभी राहून उत्तर देणारी होती बायको. घर सोडले ते का, हा प्रश्न तिला. आमच्या ओसरीवरही तोच प्रश्न असे, फक्त तिथे न्यायमूर्तींच्या जागी अण्णा होते आणि कैदेच्या जागी अब्रू होती.

आता जामबागेतून पायीच निघा. अफझलगंजावरून नयापूल ओलांडा, म्हणजे मुसीच्या पलीकडे हायकोर्टाचे घुमट दिसतात. याच इमारतीत रखमाबाईंच्या खटल्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १ जुलै १९८३ रोजी, न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी टी. सरिता या अभिनेत्रीच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदू विवाह कायद्याचे कलम ९, म्हणजे बायकोला किंवा नवऱ्याला नांदायला परत आणण्याचा दावा, हेच घटनेविरुद्ध आहे. माणसाच्या शरीरावरचा त्याचा हक्क कोर्टाच्या हुकूमनाम्याने काढून घेता येत नाही, असा त्याचा गाभा होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात हे मत मान्य केले नाही आणि कलम ९ शाबूत राहिले. आजही आहे. पण रखमाबाईंना उत्तर देणारा एक निकाल आपल्या गावात, आपल्या नदीकाठी लिहिला गेला होता, हे आपल्या किती घरांत माहीत आहे? केशवराव कोरटकर हायकोर्टाचे न्यायाधीश होते हे आपण दरवर्षी सांगतो. हेही सांगायला हवे.

कायद्याचा हा इतिहास आपल्या घराण्यांच्या सोयरिकींमध्ये कसा गुंतला होता पाहा. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या लग्नांना बंदी केली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला. सोलापूर मुंबई प्रांतात. तुळजापूर, बीड, औरंगाबाद आणि आपण सगळे हैदराबाद संस्थानात. म्हणजे एका आईच्या दोन मुली, एक सोलापुरात दिलेली आणि एक जामबागेत, तर त्या दोघींना वेगवेगळा कायदा होता. सोलापूरच्या बहिणीला निदान कोर्टाचा उंबरठा होता. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला आला तेव्हा दोघी एका कायद्याखाली आल्या. तरीही त्या कायद्यात क्रूरपणा हे फक्त वेगळे राहण्याचे कारण होते, घटस्फोटाचे नव्हते. ते १९७६ च्या दुरुस्तीने झाले. आणि गंमत बघा, क्रूरपणा म्हणजे काय हे ठरवणारा जो निकाल वकील मंडळी पुढे वर्षानुवर्षे दाखला म्हणून देत राहिली, तो १९७५ चा दास्ताने खटल्याचा, मराठी जोडप्याचाच, आणि दावा नवऱ्याने लावलेला.

पण घटस्फोट म्हणजे जाब नव्हे, सुटका आहे. जाब कुठे सुरू झाला हे पाहायचे तर आपल्याला मध्यमवर्गीय पुण्या-मुंबईतून आणि जामबागेतूनही उठून शहाद्याला जावे लागते, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वयस्कांना आठवत असेल. त्या सुमारास शहादे-तळोद्याच्या भिल्ल शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तिथले मोठे नाव. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. सभा-शिबिरांतून बायका बोलू लागल्या तेव्हा मात्र त्यांनी दुसरेच गाऱ्हाणे पुढे आणले. मजुरी दारूत जाते आणि दारू आमच्या पाठीवर उतरते. बायका गटागटाने गावोगाव गेल्या, दारूची मडकी फोडली. मग बायकोला मारणाऱ्याला गावासमोर उभे करू लागल्या. सगळ्यांच्या देखत त्याला विचारायचे, का मारलेस? त्याने सगळ्यांच्या देखत कबूल करायचे. कधीकधी चोपही मिळे.

चोपाचे समर्थन मी करणार नाही. पण त्या बायकांनी जे केले त्यातला मुख्य भाग चोप नव्हता. त्यांनी ओसरीची दिशा फिरवली. आमच्या ओसरीवर बाई आत आणि पुरुष बाहेर चहा पीत बसलेला. शहाद्यात बाई बाहेर, बाकीच्या बाया तिच्या बाजूला, आणि प्रश्न त्याला. ज्यांना आपल्या घराण्यांनी कधी शिकलेले मानले नाही, त्या बायकांनी हे केले. आमच्या गल्लीत बी. ए., एल्एल. बी. झालेले तीन पुरुष होते.

शहरांत हा प्रश्न रस्त्यावर आला तो मृत्यूंच्या निमित्ताने. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा हिचा सासरी मृत्यू झाला. लग्नाला काही महिनेच झाले होते. माहेर बीडचे, म्हणजे १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यातले. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे कोर्टात आली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, कारण खून त्यानेच केला हे परिस्थितीच्या पुराव्याची साखळी जोडून सिद्ध होत नव्हते. पुरावा कसा तपासावा याचे जे पाच निकष त्या निकालात दिले, ते आजही देशभर कोर्टांत वापरले जातात. निकालाविषयी मला वाद घालायचा नाही. संशयावरून कुणाला फासावर देऊ नये हेच बरोबर आहे. मला खटकते ते वेगळेच. जिवंत असताना एका मुलीने आपली घुसमट पत्रांतून लिहिली होती. ती पत्रे वाचून प्रश्न विचारण्याची जागा तिच्या हयातीत कुठेच नव्हती. जागा मिळाली ती पुरावा-कायद्याच्या एका कलमाखाली, ती गेल्यानंतर.

पुण्यातल्या बायकांना हेच लागले असावे. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी महिलांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ नावाचे प्रदर्शन केले. ते पाहायला आलेल्या बायका आपापली हकीकत सांगू लागल्या. त्यांच्याशी बोलायला ठिकाण हवे, या गरजेतून बोलण्याची केंद्रे निघाली. मदतकेंद्रांचा आपल्याकडचा उगम असा आहे. आधी बायका बोलल्या, मागाहून खोल्या मिळाल्या.

२५ डिसेंबर १९८३ पासून भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. हे कलम ज्याच्या शेजारी बसवले ते जुने ४९८ काय होते माहीत आहे? दुसऱ्याच्या बायकोला वाईट हेतूने फूस लावून नेणे किंवा ठेवून घेणे. म्हणजे १८६० पासून त्या जागी कायद्याने जपले होते ते नवऱ्याचे बायकोवरचे हक्क. त्याला खेटून, १२३ वर्षांनी, बायकोचे अंग जपणारे कलम आले.

या कलमावरून भांडणे पुष्कळ झाली. खोट्या तक्रारी होतात असे म्हणणारे आपल्याही घरांत आहेत, आणि काही तक्रारी वाढवून लिहिलेल्या असतात हे मी नाकारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सरसकट अटकेला आळा घातला, तोही योग्यच. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्या बायकांनी हिंसा सोसल्याचे सांगितले, त्यांतल्या शंभरातल्या चौदांनीच कधी कुणाची मदत मागितली होती, आणि तीही बहुतेक माहेरच्या माणसांची. तक्रार फार होते की फार थोडी, याचे उत्तर या आकड्यात आहे.

कलम आले तरी पोलीस ठाण्यात बाई पाऊल कशी टाकणार? ही अडचण ओळखून १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात, क्रॉफर्ड मार्केटजवळ, टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली बाई पोलिसांच्या आवारात बसेल. आलेल्या बाईचे आधी ऐकून घेईल, तिला काय हवे ते विचारील, आणि मग नवऱ्याला बोलावून घेईल. शेजाऱ्याच्या ओसरीवर नवरा कोट घालून येतो आणि चहा पितो. पोलीस आयुक्तालयात बोलावणे आले की तो वेगळा बसतो. पुढे महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने हे काम स्वीकारले आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. २००० साली सेहत या संस्थेने मुंबई महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले. जिन्यावरून पडले, बाथरूममध्ये घसरले असे सांगत येणाऱ्या बाईला डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी आणखी एक प्रश्न हळूच विचारायचा, हे त्या केंद्राचे शिक्षण. आमच्या काकू उस्मानिया दवाखान्यात कितीदा ‘पडल्या’ होत्या कोण जाणे.

या सगळ्या अनुभवाचा अर्क २००५ च्या कायद्यात उतरला. नाव लांबलचक आहे, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी आपल्यासारख्या जुन्या, भरल्या घरांनी नीट वाचाव्यात असे मला वाटते.

पहिली घराची. आपल्याकडे वाडा सासऱ्यांच्या नाहीतर आजेसासऱ्यांच्या नावावर असतो. नवऱ्याच्या नावावर भिंतही नसते. कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, पण डिसेंबर २००६ मध्ये बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आखडता घेतला. घर सासूचे असेल तर सुनेचा त्यावर हक्क नाही, असे झाले. चौदा वर्षे हेच चालले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवले. घर कुणाच्याही नावावर असो, नांदत असताना ती तिथे राहत होती तर ते तिचे सामायिक घर आहे. तिला तिथून कायमची मालकी मिळत नाही, कायदेशीर मार्गाने सासू-सासरे दादही मागू शकतात. पण रात्री दहाला बाहेर काढून कडी लावता येत नाही. एवढेच नव्हे, मारणाऱ्या पुरुषानेच घराबाहेर राहावे असा हुकूम कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. हुकूम मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काकू आमच्या मागच्या दाराने येत होत्या, त्या अर्थाने हे सगळे उलटे आहे. तिने का निघावे? त्याने निघावे.

दुसरी माहेरची. आपल्या मुली नांदेड, लातूर, पुणे, नागपूरला दिलेल्या असतात. तिकडे सोसले आणि हैदराबादला आली, तर अर्ज तिकडेच जाऊन करावा लागेल असे आपण धरून चालतो. तसे नाही. ती तात्पुरती का होईना जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. आणि ४९८-अ खालची तक्रारही माहेरच्या गावी चालू शकते, असे एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. छळाचा मनावरचा परिणाम माहेरीही चालूच असतो, हे त्यामागचे कारण. जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत कलमांचे आकडे बदलले, तेव्हापासून हा गुन्हा कलम ८५ खाली आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात लहान, आणि मला सगळ्यात मोठी वाटते. कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत समुपदेशनाचा चौदावा नियम आहे. दोघांना समोर बसवून बोलणी करायची असली तर मारहाण का केली याची कारणे, सबबी पुढे मांडायला प्रतिवादीला परवानगी नाही, आणि ही गोष्ट बोलणी सुरू होण्याआधीच त्याला सांगायची. ‘ती उलट बोलली’, ‘जेवण वेळेवर नव्हते’, ‘माझी नोकरी गेली होती’ यांतले काहीही चालत नाही. आधी ते थांबव, मग पुढचे बोलू. आमच्या ओसरीवर तर सगळी सकाळ सबबींतच जाई, आणि त्या सबबी काकांना स्वतः सांगाव्याही लागत नसत. वडीलधारेच त्या पुरवत. ‘बिचारा कामाने वैतागलेला असतो.’

पुरुषांशी पुरुषांनी बोलावे, असा प्रयत्नही मराठीत झाला. मुंबईत १९९३ साली हरीश सदानी यांच्या पुढाकाराने ‘मावा’ ही पुरुषांची संघटना निघाली, हिंसेविरुद्ध पुरुषांनी उभे राहावे म्हणून. तिचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक आपल्यापैकी काहींनी चाळला असेल. पुण्यातही पुरुषांसाठी संवादकेंद्र चालले. अशा कामाचा वेग मंद असतो आणि मारणारा स्वतःहून त्या दाराशी क्वचित जातो, हे खरे. म्हणून कायद्याचे बोलावणे आणि संवादाची खोली ही एकमेकांना जोडून असावी लागतात. नुसत्या खोलीत तो येत नाही, आणि नुसत्या बोलावण्याने तो घाबरतो पण बदलत नाही.

आता आपल्या गावाचे. हैदराबादेत आज २०१६ पासून पोलिसांचे भरोसा केंद्र आहे, सखी केंद्रे आहेत, १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. कायदा सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न काहीही असो, फुकट वकील मिळतो. दारे आहेत. पण आपल्या घरांत सून येते ती लातूरची, परभणीची, यवतमाळची. तिला तेलुगू येत नाही, आपले दखनी उर्दू तर तिला मराठीच बिघडल्यासारखे वाटते. केंद्रात तिने सांगितलेले समोरच्या बाईला कळावे, यासाठी सोबत मराठी येणारे कुणी हवे, आणि ते सासरचे नको. ज्या संस्थेला वर्षातून एक व्याख्यानमाला छापता येते, तिला सोबत जाणाऱ्या चार बायकांची यादी ठेवणे जड नाही. साहित्य संस्थेचे हे काम नव्हे असे कुणी म्हणेल. शंभर वर्षांपूर्वी मुलींना शिकवणे हेही कुणाकुणाच्या मते आपले काम नव्हते.

आणि शेजाऱ्यांचे. २००५ च्या कायद्याचे चौथे कलम शेजाऱ्यांसाठी आहे. कुठे असा हिंसाचार झाला आहे, होतो आहे किंवा होईल असे ज्याला सकारण वाटते, अशा कोणाही माणसाने संरक्षण अधिकाऱ्याला कळवावे. सद्हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कसलीही जबाबदारी येत नाही. लेखी देण्याचीही सक्ती नाही. तोंडी सांगितले तर अधिकाऱ्याने ते लिहून घ्यायचे. तिला आधी एकटीला विचारून घ्यावे, हे माझे मत. तिच्या पाठीमागे काही केले तर मार तिलाच पडतो.

हा लेख लिहिताना मी आईला विचारले. ती आता नव्वदीला आली आहे, ऐकू कमी येते, पण जुने सगळे आठवते. मी म्हटले, ‘आई, त्या सकाळी अण्णा काकांना नक्की काय म्हणायचे ग?’

तिने बराच वेळ विचार केला. ‘साखर कमी नाही ना, विचारायचे,’ ती म्हणाली.